कॅल्शियमच्या बाटलीतली बारीक गोळी

माझ्या हृदयाला झटका आला त्या वर्षी घरात इतके नारळ जमले, की सूनबाई दोन महिने खोबऱ्याच्या वड्या करत होती. भावकी आली, रहिमतपूरच्या बाजारातली माणसं आली. शाळेत ज्यांना मी पट्टीनं बडवलं होतं तेसुद्धा हातात पिशवी घेऊन आले. "बाई, लय सोसलं तुमी," म्हणाले. हृदयाचा आजार मानाचा असतो. छातीवर हात ठेवून चारचौघांत सांगता येतो.

त्याच्या आधीपासून मला दुसरा एक आजार होता. त्याला कुणी केळ्याची एक फणीसुद्धा आणली नाही. आणणार कशी? मी सांगितलंच नव्हतं.

ज्यांच्या घरात हे दोन्ही आजार एकाच माणसाला आहेत, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. पस्तीस वर्षं झेडपीच्या शाळेत पोरांकडून पाढे घोकून घेतले, एवढंच माझं ज्ञान. गोळ्यांची नावं मुद्दाम लिहीत नाही. आपल्याकडे नाव वाचलं की माणसं मेडिकलमध्ये जाऊन तीच गोळी मागतात. मीही मागितली असती.

सांगलीचा गुडघा

त्रेसष्टाव्या वर्षी चहाचं पातेलं गॅसवर ठेवणं मला डोंगराएवढं वाटायला लागलं. दूध वर यायचं, उतू जायचं, आणि मी समोर उभी राहून बघत असायचे. रडू येत होतं असंही नाही. रडायला उठून बसावं लागतं, तेवढाही दम नव्हता.

मुलगा अजित शिरवळला कंपनीत आहे. तो विचारायचा, "आई, तुला कमी काय हाय?" काहीच कमी नव्हतं, तीच तर अडचण. नवरा गेल्याचं दुःख म्हणावं, तर त्याला चार वर्षं झाली होती. ते सैन्यातले सुभेदार, घरातही परेड घ्यायचे. खरं सांगू? ते गेल्यावर टीव्हीचा रिमोट पहिल्यांदा माझ्या हाताला लागला.

लेक शैला सांगलीला बँकेत असते. तिनं मला तिकडच्या मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. साताऱ्यात असे डॉक्टर नाहीत असं नाही, पण साताऱ्यात माझे विद्यार्थी कंपाउंडर आहेत, रिक्षावाले आहेत, एक तर पोलीस आहे. सांगलीत मला कुत्रं ओळखत नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी तासभर ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तुम्हाला डिप्रेशन आहे."

मी म्हणाले, "दुसरं काही नाही का?" दुकानात साडी बघतात तसं.

"दुसरं कशाला हवंय?"

"गावात सांगायला."

गावात मग मी गुडघा सांगितला. महिन्यातून एकदा रहिमतपूर स्टेशनवरून पॅसेंजर धरायची आणि निघताना आठवणीनं लंगडायचं. गोळ्या कॅल्शियमच्या रिकाम्या बाटलीत ओतून ठेवायच्या. शेजारच्या मालनचे गुडघे खरोखरचे दुखायचे. ती मागं लागली, "बाई, मला बी घिऊन चला की." मी म्हणाले, "तो डॉक्टर फक्त उजवा गुडघा बघतो." तिनं आठवडाभर विचार केला आणि उदास होऊन म्हणाली, "माझा डावा हाय." त्या गरीब बाईला फसवून मी घरात तोंडावर पदर धरून हसले. हसता यायला लागलं होतं, कारण गोळी लागू पडली होती. सहा आठवड्यांनी एका सकाळी दूध वर आलं आणि माझा हात आपसूक गॅसच्या खटक्यावर गेला. त्या दिवशी त्या गोळीला मी हळदकुंकू वाहिलं असतं.

तिशीतली शहाणी

आता कडू भाग. तिशीतली मी आज समोर आली तर तिच्या कानाखाली आवाज काढीन. इस्त्रीची साडी, काखेत पर्स, घरातली एकटी शिकलेली सून. चालायची अशी की जणू शिक्षण खातं तिच्याच पदराला बांधलंय.

धाकटी जाऊ सुमन दुसऱ्या बाळंतपणानंतर भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. मूल रडलं तरी वळायची नाही. सासूबाई देवऋष्याला बोलवायला निघाल्या, तेव्हा मी दारात आडवी झाले. "असली अंधश्रद्धा या घरात चालायची नाही," मी म्हणाले. "तिला बाहेरचं काही नाही. आळस आहे. कामाला लावा, बरी होईल." आणि स्वतःवर खूश होऊन शाळेत गेले. बहुतेक त्या दिवशी पोरांना विज्ञानच शिकवलं असेल.

सुमनला गोठ्याला जुंपलं. चार महिन्यांत ती तासगावला माहेरी गेली, ती परत नांदायला आली नाही. तिची दोन्ही पोरं आमच्याकडेच वाढली. देवऋषी निदान एवढं तरी म्हणाला असता की हिला काहीतरी झालंय. मी म्हणाले, काहीच झालेलं नाही.

मेंढरानं काय खाल्लंय

मूर्खपणा तिशीत संपला असं समजू नका. तीन वर्षांपूर्वी झटका आला, साताऱ्यात हृदयाच्या नळीत स्प्रिंग बसवली. हृदयाचा पंप कमजोर झालाय, म्हणाले. "आणखी काही औषधं चालू आहेत का?" हृदयाच्या डॉक्टरांनी विचारलं. अजित शेजारीच उभा. मी म्हणाले, "कॅल्शियम."

सांगलीच्या बाईंनाही झटक्याचं सांगितलं नाही. शैलानं फोनवर विचारलं, "मॅडमना सांगितलंस ना?" मी म्हणाले, "सांगितलं की." मला भीती, की ज्या गोळीनं मला उभं केलं तीच त्या काढून घेतील. वर, झटक्यानंतर मन पुन्हा खचलं तेव्हा मी त्यांच्याकडून डोस वाढवून घेतला. सातारा सांगलीला ओळखत नव्हता, सांगली साताऱ्याला. मधल्या मध्ये मी दोघांना शेंड्या लावत होते आणि स्वतःला हुशार समजत होते.

गेल्या वर्षी संक्रांतीनंतर भाजी निवडून उठले आणि थेट फरशीवर. चक्कर नाही, घाम नाही. वीज गेल्यासारखी मी गेले. शुद्धीवर आले तर साताऱ्याच्या दवाखान्यात, छातीभर वायरी.

दवाखान्यात वेळेला शिस्त असते, माणसाला नसते. सहाला झाडू, साडेसहाला ताप, सातला चहाच्या नावाखाली गरम पाणी. नऊला डॉक्टर यायचे, ईसीजीची, म्हणजे हृदयाची पट्टी बघायचे आणि आठ्या घालायचे. दोन ठोक्यांमधलं काहीतरी लांबतंय, असंच राहिलं तर हृदय एकदम वेडंवाकडं धावू शकतं, माणूस जागेवर जाऊ शकतो, असं त्यांनी अजितला सांगितलेलं मी डोळे मिटून ऐकलं. त्यांनी एक गोळी बदलली, सलाईनमधून काहीबाही दिलं. पट्टी सुधारेना. सुधारणार कुठून? नात ऋतुजाला सांगून मी घरून कॅल्शियमची बाटली मागवली होती आणि रोज सकाळी गुपचूप एक गोळी गिळत होते.

तिसऱ्या दिवशी सिस्टरनं पकडलं. संगीता नाव, माण तालुक्यातली. तिनं बाटली उलटी करून गोळी तळहातावर घेतली.

"आजी, ही कॅल्शियमची?"

"व्हय."

"माझी आई खाती कॅल्शियम. घोड्याच्या दाताएवढी गोळी असती. ही तर मुगाएवढी हाय."

"सांगलीचं कॅल्शियम बारीक असतंय."

ती हसली नाही. स्टूल ओढून बसली. "आजी, माझा बा मेंढरं राखायचा. मेंढरू पडलं की आधी बगायचा, खाल्लंय काय. तुमी काय खाताय?"

पस्तीस वर्षं मी पोरांच्या कंपासपेटीतल्या चिठ्ठ्या पकडल्या. आपण पकडले गेलो की कान कसे तापतात ते त्या दिवशी कळलं. मी सांगितलं. मग म्हणाले, "डॉक्टरांना मी सांगते, पण पोरगा घरी गेल्यावर."

"पोरगा आत्ता चहाला गेलाय," ती उठत म्हणाली. "आत्ताच सांगा. मी बोलावते."

हृदयाच्या डॉक्टरांनी माझ्या पलंगाशी उभं राहून सांगलीला फोन लावला. दोन डॉक्टर माझ्याबद्दल दहा मिनिटं बोलले. दोन वर्षांपूर्वी व्हायला हवं होतं ते बोलणं. ठरलं असं: पट्टी बघत ती गोळी पायरीपायरीनं उतरवायची, आणि त्यांच्या नजरेखाली हृदयाला सोसेल अशी दुसरी सुरू करायची. दर आठवड्याला पट्टी काढायची.

"स्वतःच्या मनानं काही करू नका," डॉक्टर म्हणाले. माझ्या मनाची कीर्ती तोवर त्यांना कळली होती.

शेणखत

दवाखान्यातून सोडताना डॉक्टरांनी अजितलाही सगळं सांगितलं होतं. घरी आलो त्या दिवशी त्यानं बाटली हातात घेतली.

"ही गोळी हार्टला वाईट हाय न्हवं? मग संपलं. बंद."

"एकदम बंद करायची नाही म्हणालेत. आणि दुसरी द्यायची आहे."

"एक सुटली ती बरी, दुसरी कशाला? आई, ऋतुजाला इस्लामपूरचं स्थळ आलंय. ह्या घरात असल्या गोळ्या..." त्यानं वाक्य पुरं केलं नाही. परसात जाऊन बाटली शेणखताच्या खड्ड्यात फेकली. पोरगं त्या महिन्यांत वाळलं होतं, बारीकसारीक गोष्टींवर खेकसायचं. लग्नाचा ताण, असं मी धरून चालले.

चाळीस पोरांचा वर्ग एका नजरेत गप्प करणारी मी, काही बोलले नाही. घाबरले म्हणून नव्हे. आतून मलाही वाटत होतं, पोराचं बरोबर आहे. हृदयासाठी आयुष्यभर गोळ्या घेणं म्हणजे पथ्य. मनासाठी घेणं म्हणजे लाज. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. मीच शिकवत आले होते.

तिसऱ्या दिवशी डोक्यात करंट बसायला लागले. कुंपणाच्या तारेला हात लागावा तसा झटका, मान वळवली की एक. दातांना लावायची पेस्ट संपली म्हणून रडले. सूनबाईनं भात मऊ केला म्हणून ताट सारलं. आणि छातीत धडधड. आता ही धडधड हृदयाची की भीतीची? हृदयाची असेल तर दवाखाना गाठायला हवा, भीतीची असेल तर गप पडायला हवं. आणि भीतीनं धडधड वाढते, धडधडीनं भीती. भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या दोन भांडखोर बायका, आणि घर माझं.

आठव्या दिवशी विहिरीकडे बघताना एक विचार आला. तो इथे लिहीत नाही. पण आला होता. मी विहिरीपासून घरात आले आणि शैलाला फोन करून तो विचार जसाच्या तसा सांगितला. माझ्या हातून आयुष्यात झालेलं ते सगळ्यात शहाणं काम. तुम्हाला आला तर तुम्हीही सांगा. कुणालाही सांगा, पण तोंडानं सांगा, आणि लगेच सांगा.

ती दुपारपर्यंत गाडी घेऊन आली. अंगणात भावंडांची जुंपली. शेवटी अजित म्हणाला, "ने तिकडं. पावणं यून जाईस्तोवर ठेव." खिडकी उघडी आहे हे त्याला माहीत होतं.

गोळी लागू पडेपर्यंत

"तुम्ही दोन वर्षं माझ्याशी खोटं बोललात," सांगलीच्या बाई म्हणाल्या.

"दोनच?" मी म्हणाले.

त्या हसल्या नाहीत. त्यांनी आधी पट्टी काढायला लावली, साताऱ्याला फोन केला आणि मग नवी गोळी सुरू केली, अर्धी. धडधड झाली तर बसायचं, मनगट धरून ठोके मोजायचे, पाय जमिनीला टेकवायचे. छातीत दुखलं, दम लागला किंवा डोळ्यांपुढे अंधार आला, तर विचार करत बसायचं नाही, सरळ दवाखाना. हे त्यांनी कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिलं. मी तो शैलाच्या फ्रिजवर लावला. जावयांनी चकार शब्द काढला नाही. रोज सकाळी पेपरातलं शब्दकोडं कात्रीनं कापून, पेन्सिलीसकट माझ्या उशाशी ठेवायचे. माझ्यासमोर कधी सोडवायला बसले नाहीत, की सुटलं का म्हणून विचारलंही नाही. असे उपकार लक्षात राहतात.

पण गोळी लागू पडायला वेळ घेते, आणि तो वेळ कुणी सांगत नाही तितका घाण असतो. पोट बिघडतं, हात थरथरतो, आणि मन तिथंच. जुनी गेली, नवी आलेली नाही. मी भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे.

तिसऱ्या आठवड्यात शैलानं न विचारता सुमनला बोलावलं. ती द्राक्षांच्या पॅकिंगला जाते, येताना किलोभर घेऊन आली. दारातूनच म्हणाली, "अक्का, पडून हाय म्हनं तुमी."

"हं."

"मग उठा की. कामाला लावलं की बरं वाटतंय. तुमीच म्हणला हुता."

मी उठून बसले. हसण्यावारी न्यायला बघितलं. तिच्या तोंडावरची रेष हलली नाही.

"चुकलं माझं, सुमन."

"चुकलंच की. लय चुकलं." तिनं पदरानं एक द्राक्ष पुसलं आणि तोंडात टाकलं. "माझी पोरं मला अहो-जाहो करत्यात, अक्का. पावनी आल्यागत चहा इचारत्यात."

मग ती स्वयंपाकघरात गेली. लसणाची परडी आणून माझ्यापुढे ठेवली, "सोला" म्हणाली, आणि संध्याकाळपर्यंत बसली. जाताना चपला घालत म्हणाली, "परत यीन. तुमास्नी माफ केलं म्हणून न्हवं. घरी तरी कोन हाय माझं?"

ती दर गुरुवारी आली. आम्ही लसूण सोलला. याहून गोड काही झालं असं मी लिहिणार नाही, कारण झालं नाही.

पाचव्या आठवड्यात करंट थांबले होते. एका सकाळी भूक लागली आणि मला ती ओळखूच आली नाही.

मधल्या काळात पाहुणे येऊन गेले. पसंती झाली, सुपारी फुटली. मला फोटो पाठवले. त्यात आमची मालनसुद्धा होती, पहिल्या रांगेत.

पट्टी

सहाव्या आठवड्यात साताऱ्याला शेवटची पट्टी काढायची होती. अजित गाडी घेऊन आला. वाटेत आम्ही हवापाण्यावर बोललो.

डॉक्टरांनी पट्टी उजेडाला धरली. "छान. ही गोळी हृदयाला सोसतेय. आता चालू ठेवायची, बहुतेक कायमची."

अजित खुर्चीत पुढे झाला. "डॉक्टर, लग्नापर्यंत तरी बंद ठेवता येणार नाही का?"

डॉक्टरांनी तोंड उघडलं, पण मी आधी बोलले. "मग हृदयाची पण बंद ठेवूया की. लग्न झालं की दोन्ही एकदम चालू करू."

डॉक्टर कागदात बघत राहिले. अजितची मान लाल झाली. मला फार बरं वाटलं. इतक्या आठवड्यांत पहिल्यांदा.

परतताना कोरेगावच्या अलीकडे उसाच्या ट्रॉल्यांमागे अडकलो. अजितनं इंजिन बंद केलं.

"आई, ह्ये पोरांत उतरतं का?"

"ऋतुजाचं लग्न मोडायचं असलं तर तू मोड. मला निमित्त करू नको."

"ऋतुजाचं न्हाई इचारत मी."

मी त्याच्याकडे बघितलं. तो समोरच्या उसाकडे बघत होता. "सहा म्हयनं झालं. मशिनपुढं उभा राहतो, पुढचं बटण आठवत न्हाई. पंधरा वर्सं तीच मशिन हाय. जेवान उतरत न्हाई."

"माझी बाटली फेकलीस तेव्हा?"

"तवा बी."

खोटं लिहीत नाही, मला आधी राग आला. कीव नंतर आली. मला मरायच्या दारात नेऊन सोडलंस ते तुझं दुखणं तुलाच दिसू नये म्हणून, हे वाक्य जिभेच्या टोकावर होतं. ते गिळलं. गिळायची सवय आहे मला, पण या वेळी कारण बरं होतं.

"सांगलीच्या बाई शनिवारी असतात," मी म्हणाले.

"कंपनीत काय सांगू?"

"आजारी हाय म्हण."

"कशानं, इचारतील की."

"जे हाय ते सांग."

"तू तरी कवा सांगितलंस?"

पुढची ट्रॉली हलली, मागून हॉर्न वाजायला लागले. त्यानं गाडी सुरू केली आणि मी फोन काढून सांगलीला लावला. शनिवारी दोन नंबर हवेत म्हणाले, एक माझा आणि एक नवीन. पलीकडच्या मुलीनं नवीन पेशंटचं नाव विचारलं. अजितनं माझ्याकडे बघितलं, मान नाही म्हणून हलवली.

मी त्याचं नाव सांगितलं. वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. तिला नीट ऐकू गेलं नाही, म्हणून पुन्हा एकदा मोठ्यानं सांगितलं.